जोडणी सुस्थितीत सुरू आहे

आमच्या दवाखान्याच्या छपरावर इंटरनेटची छत्री बसवायला जीपमधून सात जण आले, त्यांच्यातल्या एकानेही इथे बाळंतपणं होतात का, असं विचारलं नाही. पक्की खोली कोणती, फरशी कुठल्या खोलीला आहे, दाराला कुलूप लागतं का, चहात एवढी साखर का, हे सगळं विचारलं. शहाणी माणसं होती. प्रत्येकाच्या गळ्यात ओळखपत्र होतं, एकाच्या गळ्यात तर दोन होती.

मी तिथे औषधाच्या खिडकीत बसायचो. सरकारी कागदावर माझं पद चांगलं लांबलचक होतं, गावात मात्र मला गोळीवाला भाऊ म्हणत. एटापल्लीच्या पुढे, जिथून सूरजागडचे डोंगर दिसायला लागतात, त्या बाजूला आमचं आरोग्य केंद्र. एक डॉक्टर, एक सिस्टर आणि मी. डॉक्टर तरुण होता आणि बहुतेक वेळ नागपूरला असायचा. महिन्यातून दोनदा तो येऊन हजेरीच्या सह्या करायचा, आणि जाताना इथली हवा किती शुद्ध आहे ते आम्हाला सांगून जायचा. तो नसला की प्रभारी म्हणून कागदांवर सही माझी.

दवाखाना चालवायची ती सिस्टर. सिरोंचाकडची, वयाने माझ्याहून मोठी, रागावली की तेलुगूत बोलायची. त्यामुळे ती नेमकं काय म्हणाली हे कळत नसे, आपल्याबद्दल म्हणाली एवढं कळायचं.

छत्रीच्या आधी आमच्याकडे एक फोन होता. तारेचा नव्हे, बिनतारी. टेबलावर ठेवायचं एक डबडं आणि छपरावर लोखंडी पाइपाच्या टोकाला माशाच्या काट्यासारखा अँटेना. नव्वदच्या दशकात कुठल्यातरी अनुदानातून तो आला होता आणि त्याचं भाडंही त्याच अनुदानातून परस्पर जायचं. दिसायला गबाळा. बोलणाऱ्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा. वारा सुटला की मी छपरावर चढून पाइप फिरवायचा आणि सिस्टरने खालून ओरडायचं, "आला, आला, गेला, आला." पण तो लागायचा. दहादा फिरवला तर अकराव्यांदा का होईना, लागायचाच. तालुक्याच्या दवाखान्यात जीप होती, आणि फोन लागला की दीड तासात ती आमच्या अंगणात उभी असायची. बाई अडली, साप चावला, कुणाचा ताप डोक्यात गेला, की सिस्टर आधी मला फोनकडे पिटाळायची. "तुमच्या गोळ्या राहू द्या, भाऊ. आधी जीप बोलवा."

आमच्या लेखी तो फोन म्हणजे ती जीप होती. त्याच्याकडून आम्हाला दुसरं काही नको होतं.

अंगणात एक मोहाचं झाड होतं, दवाखान्याच्या आधीपासूनचं. ते सरकारी कुंपणात असलं तरी सरकारचं नव्हतं. तिकडे प्रत्येक मोहाला घर असतं, आणि कुणाच्या मोहाखाली कुणी वेचायचं हे गावातल्या लहानथोरांना पाठ असतं. आमच्या अंगणातला मोह ओढ्यापलीकडच्या टोल्यावरच्या, म्हणजे छोट्या वस्तीतल्या, एका माडिया जोडप्याचा होता. मोह गळायला लागला की दोघं सकाळीच टोपल्या घेऊन यायची, झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करायची आणि ऊन चढेपर्यंत फुलं वेचायची. नवरा हसरा, मोडकंतोडकं मराठी बोलायचा. बायको माझ्याशी कधी एक शब्द बोलली नाही, सिस्टरशी मात्र तासन्‌तास बोलायची. एक माडियात, दुसरी तेलुगू-मराठीच्या खिचडीत, आणि दोघींना सगळं कळायचं.

तिची दोन बाळंतपणं घरीच झाली होती. दोन्ही पोरं गेली. दुसऱ्या वेळी तीही जाता जाता राहिली, रक्त थांबेना. म्हणून सिस्टरने तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं की तिसऱ्या वेळी दुखायला लागायच्या आधीच इथे येऊन राहायचं. "तू फक्त ये," सिस्टर तिला म्हणायची, "पुढचं मी आन तो फोन पाहून घेऊ."

मग वरच्या ऑफिसात योजना आली. वरचं ऑफिस म्हणजे आमच्या डोक्यावर जेवढी ऑफिसं होती त्या सगळ्यांना मिळून आम्ही दिलेलं नाव. नेमकं कुठलं ऑफिस काय करतं हे आम्हाला शेवटपर्यंत समजलं नाही आणि त्यांनाही समजलं असेल असं वाटत नाही. योजना अशी: खेड्यातल्या दवाखान्यांना उपग्रहावरून इंटरनेट द्यायचं, त्याचं भाडं अनुदानातून भरायचं, आणि मोठ्या शहरातला मोठा डॉक्टर आमचा पेशंट पडद्यावर तपासणार. कल्पना वाईट नव्हती. सरकारला वाईट कल्पना सहसा सुचतच नाहीत. चांगल्याच सुचतात, आणि मग त्या राबवल्या जातात.

यंत्रसामग्री धूळविरहित, फरशीच्या, कुलूपबंद खोलीत ठेवावी, असं सूचनांमध्ये लिहिलं होतं. आमच्याकडे तशी खोली एकच होती, बाळंतपणाची. दोन ओळखपत्रंवाले होते ते योजनेचे साहेब. ते खोलीच्या दारात उभे राहिले, बाळंतपणाच्या टेबलाकडे त्यांनी जुन्या सायकलीकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाले, "हे व्हरांड्यात हलवा. पडदा लावून टाका. हवा पण खेळती राहील."

"साहेब," सिस्टर म्हणाली, "तुमच्या घरची बाई व्हरांड्यात बाळंत झाली होती काय?"

साहेब हसले. सिस्टर मजेशीर आहेत, असं म्हणाले. टेबल व्हरांड्यात गेलं. त्याच्या जागी कॉम्प्युटर आला, त्याच्यावर प्लास्टिकचं झाकण आलं, खुर्ची आली, भिंतीवर पंखा आला. त्या खोलीत पंखा लावा म्हणून सिस्टर कितीतरी वर्षं अर्ज करत होती. कॉम्प्युटरला मागावा लागला नाही.

उद्घाटनाला नारळ फुटला. पडद्यावर एक डॉक्टर दिसला, टाय लावलेला. तो म्हणाला, "माझा आवाज येतोय का?" आमच्याकडून साहेब म्हणाले, "येतोय, माझा येतोय का?" तो म्हणाला, "येतोय." मग दोघांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. आमच्या डॉक्टरने, तो त्या दिवशी मुद्दाम आला होता, पडद्याला हात जोडले. फोटो झाले. चारेक मिनिटांत चित्र थरथरलं, डॉक्टरचा टाय एकीकडे आणि तोंड दुसरीकडे गेलं आणि सगळं काळं झालं. टाळ्या मात्र थांबल्या नाहीत, कारण मागच्यांना दिसत नव्हतं.

त्या चार मिनिटांनंतर ती छत्री कधीही चालली नाही. हे मी शपथेवर सांगतो, एकदाही नाही.

सुरुवातीला मोहावर आळ आला. झाडाची एक फांदी छत्रीच्या आड येते, असं फिटर जाताना सांगून गेला. फांदी तोडायची तर परवानगी जंगल खात्याची, ती मागायची डॉक्टरने, डॉक्टर नागपूरला. हे सगळं मी झाडाच्या मालकाला, त्या माडिया नवऱ्याला, मोह वेचता वेचता गंमत म्हणून सांगितलं. तो हसला नाही. त्याने विचारलं, "ते चाललं तं मोठा डॉक्टर दिसते?"

"दिसते म्हणतात."

"बायको आली आन दुखलं तं, तवा दिसन?"

मी म्हणालो, दिसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुऱ्हाड घेऊन आला, झाडावर चढला आणि ती फांदी त्याने स्वतः तोडली. हाताच्या कवेत न मावणारी फांदी, तिच्यावर मोसमाला दोन टोपल्या फुलं तरी यायची. खाली उतरून तो छत्रीकडे बघत उभा राहिला, जणू आता त्यातून कुणीतरी बोलेल. छत्री तशीच होती. फिटर पुन्हा आला नाही. बिघाड फांदीत नव्हताच, तो कशात होता हे कळायला बघणारा माणूस तरी यायला हवा होता.

महिनाअखेर अहवाल द्यायचा होता. फॉर्मात पहिलाच प्रश्न, जोडणी बंद आहे की सुस्थितीत सुरू आहे, आणि दोन चौकोन. मी सरळ 'बंद'वर खूण करून टपालाने पाठवला. पंधरा दिवसांत तोच कागद परत आला. वर लाल शाईने शेरा होता, अहवाल फक्त ई-मेलनेच स्वीकारले जातील.

आता इंटरनेट बंद आहे हे इंटरनेटवरून कळवायचं होतं. हा नियम ज्याने केला त्याला मी कधी पाहिलं नाही, पण तो जेवायला बसताना ताट पालथं घालून बसत असणार.

मी काय केलं? डॉक्टर सह्यांना आला तेव्हा त्याच्या किल्लीने ती खोली उघडून अहवाल एका फ्लॉपीवर घेतला, सकाळच्या एस.टी.त बसलो आणि दिवसभराची हाडं खिळखिळी करून गडचिरोलीला गेलो. तिथे एक इंटरनेट कॅफे होता, तिथून मेल पाठवला. त्यात लिहिलं, जोडणी बंद आहे. रात्री एका ओळखीच्याकडे टेकलो आणि दुसऱ्या दिवशी परत आलो. आमचं इंटरनेट असं एस.टी.ने जायचं. कंडक्टरलाही ते ठाऊक झालं होतं. "भाऊ, मेल घेऊन चालले काय?" असं तो तिकीट फाडताना विचारायचा.

चार दिवसांनी फोन वाजला. योजनेचे साहेब.

"तुमचा मेल मिळाला."

"हो साहेब."

"त्यात लिहिलंय, जोडणी बंद आहे."

"हो साहेब."

"बंद आहे तर मेल कसा आला?"

"गडचिरोलीहून पाठवला साहेब, कॅफेतून."

"म्हणजे सरकारी अहवाल तुम्ही खासगी दुकानातून पाठवता?" मग आवाज उतरवून म्हणाले, "हे बघा, बंद म्हटलं की का बंद, कुणी बंद पाडली, जबाबदारी कुणाची, सगळं निघतं. प्रभारी तुम्ही. आणि तुमचा आरमोरीच्या बदलीचा अर्ज आहे ना? तो आमच्याच टेबलावरून पुढे जातो. विचार करा."

हे सगळं बोलणं आमच्या त्या जुन्या, गबाळ्या फोनवरून झालं. शब्दन्‌शब्द ऐकू आला.

आरमोरीच्या बाजारात अब्बांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. अम्मी गेल्यापासून ते एकटेच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तरी भिंग लावून बसायचे आणि काटा समजून स्वतःचं नख चिमट्यात धरायचे. घड्याळ दुरुस्त झालं की ते गिऱ्हाईकाला लगेच द्यायचे नाहीत, आधी दोन दिवस स्वतःच्या मनगटावर बांधून हिंडायचे. लहानपणी मी त्यांच्या हातावर कोपरापर्यंत चार-चार घड्याळं पाहिली आहेत. दोन दिवसांत मिनिटभर जरी मागे पडलं तरी पुन्हा उघडायचे. गिऱ्हाईक म्हणायचा, चाचा, चालतंय की, द्या. अब्बा म्हणायचे, "अभी नहीं चलता. चलेगा तो बोलूँगा." मला त्यांच्याजवळ जायचं होतं. हे खरं आहे आणि मी ते सबब म्हणून सांगतोय, हेही खरं आहे.

पुढच्या महिन्याच्या फ्लॉपीवर मी दुसऱ्या चौकोनात खूण केली. जोडणी सुस्थितीत सुरू आहे.

एकदा खोटं लिहायला लागलो आणि मला त्याची चटक लागली. फॉर्मात एक रकाना होता, दूरसल्ल्याचा लाभ घेतलेले रुग्ण. तिथे मी पहिल्यांदा नऊ लिहिले. मग अकरा. मग चौदा. चौदा लिहिताना मला वाटलं हे जरा फारच होतंय, तर वरून कौतुकाचं पत्र आलं, आपल्या केंद्राचा आदर्श इतरांनी घ्यावा. ते पत्र मी औषधाच्या खिडकीत, जुलाबाच्या गोळ्यांच्या वर चिकटवलं. मी फार हसायचो तेव्हा. एवढी ओळखपत्रं, एवढ्या जीपा, एवढा उपग्रह, आणि सगळ्यांना फिरवतोय कोण, तर आरमोरीच्या घड्याळवाल्याचा पोरगा. मला वाटायचं मूर्ख ते आहेत.

सिस्टर हसायची नाही. "खोटं काऊन लिवता, भाऊ?"

"खऱ्याला जागा नाई त्या फॉर्मात."

जागा होती. 'बंद' नावाचा चौकोन होता, पहिल्याच ओळीत. मेलसोबत दर तीन महिन्यांनी टपालाने सहीशिक्क्याचा दाखलाही जायचा. त्यावरची सही माझीच, वळणदार, खाली दोन रेघा मारलेली.

दिवाळी होऊन गेली, धान कापणीला आलं, आणि एका सकाळी जीपमधून दोघं उतरले. या वेळी ओळखपत्रं नव्हती, हातात पाने-पक्कड होते. त्यांनी मला एक पत्र दिलं. ते मी वाचून घडी करणार तेवढ्यात सिस्टरने हातातून घेतलं आणि मोठ्याने वाचलं. सरकारी मराठी ती अडखळत वाचायची. एका आरोग्य केंद्रास एकाच जोडणीचे अनुदान अनुज्ञेय आहे. नवीन जोडणी सुस्थितीत सुरू असल्याचे केंद्राच्या अहवालांवरून निदर्शनास आल्याने जुन्या दूरध्वनीचे अनुदान बंद करून यंत्र परत घेण्यात येत आहे. खाली माझ्या दाखल्यांच्या झेरॉक्स होत्या. दोन दाखले, दोन सह्या, दोन्हींखाली दोन-दोन रेघा.

सिस्टरने पत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेलुगूत काही बोलली नाही. मला ते बोलणं परवडलं असतं.

मला तोंड होतं. त्या दोघांना मी एवढंच म्हणू शकलो असतो की थांबा, ते इंटरनेट बंद आहे, कधी चाललंच नाही, मी खोटं लिहिलं. पण तसं म्हटलं की आधी नोकरीवर बेतणार आणि मग बदलीवर. बदलीचा आदेश पंधरा-वीस दिवसांत निघेल, असं साहेबांनी गेल्याच आठवड्यात सांगितलं होतं, त्याच फोनवर. छपरावरचा अँटेना काढायला त्यांना शिडी लागली, ती मी दिली. अंगणातली जमीन उंचसखल होती म्हणून खालून धरलीही मीच.

ती माडिया बाई कबूल केल्याप्रमाणे आली. दिवस भरायच्या आठ दिवस आधी, नवऱ्याबरोबर, तांदळाचं गाठोडं घेऊन. अंगणातच मोहाखाली तीन दगडांची चूल मांडून दोघं राहिली. नवरा रोज एकदा छपराकडे बघायचा. छत्री तिथे होती, पांढरी, मोठी. माशाचा काटा गेलेला त्याला दिसला असणार. पण छत्री मोठी होती आणि तिच्यासाठी त्याने स्वतः फांदी तोडली होती, तेव्हा त्याला काळजीचं कारण वाटलं नसावं.

एका सकाळी तिला दुखायला लागलं आणि दुपारी बाराच्या सुमारास व्हरांड्यात, पडद्याआड ती मोकळी झाली. मुलगी. पोर रडलं तेव्हा नवरा मोहाखाली उभा होता, तो तिथूनच हसला. मी खिडकीत एका म्हाताऱ्याला मलमाची डबी देत होतो. मग पडद्याआडून सिस्टरचा आवाज आला.

"फोन करा, भाऊ. जीप बोलवा. रक्त नाई थांबून राह्यलं."

मी उठलो. टेबलाकडे दोन पावलं टाकली. टेबलावर डबड्याचा चौकोनी डाग होता, बाकी काही नव्हतं. पडदा बाजूला झाला आणि सिस्टरने मान बाहेर काढली. ती सवयीने ओरडली होती, आता तिलाही आठवलं. आम्ही दोघांनी त्या टेबलाकडे पाहिलं. कोपरापर्यंत तिचे हात लाल होते.

मी मोटरसायकल काढली. जवळचा बिनतारी म्हणजे पोलिसांच्या कॅम्पात, रस्ता दगडांचा. त्या काळात कॅम्पाच्या दारात कुणी गाडी घेऊन धडकत नसे. फर्लांगभर आधी गाडी सोडायची, हात वर करायचे आणि चालत जायचं, कोण, कुठला, कशाला, सगळं होईपर्यंत उन्हात उभं राहायचं. त्यांचंही चुकत नव्हतं, रस्ते नक्षलवाद्यांच्या सुरुंगांचे होते. वाळूच्या पोत्यांमागून मला विचारलं, "दवाखान्याले तं फोन हाये ना?" मी हात वर ठेवूनच म्हणालो, बिघडलाय. तिथेही खोटंच बोललो. निरोप गेला, पण तो एका कॅम्पातून दुसऱ्यात आणि तिथून तालुक्याला गेला. जीप निघाली असं कळायलाच दोन तास गेले.

मी परत आलो तेव्हा सिस्टरजवळचं रक्त थांबवायचं इंजेक्शन संपलं होतं, सलाईन संपलं होतं. ती बाईच्या पोटावर मुठीने दाब देऊन बसली होती आणि दाब द्यायचं आता कारण उरलेलं नव्हतं. तरी ती उठली नाही. शेजारच्या कुलूपबंद खोलीत फरशीवर, नव्या पंख्याखाली, झाकण घातलेला कॉम्प्युटर होता. किल्ली नागपूरला.

जीप उन्हं उतरल्यावर आली. ड्रायव्हरने विचारलं, पेशंट कुठी आहे? त्याने मोहाखाली पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

सिस्टर मला त्याबद्दल एकदाच बोलली. चार-पाच दिवसांनी, व्हरांडा धुता धुता, वर न बघता. "या महिन्यात किती लाभार्थी लिवता, भाऊ?"

त्या महिन्याच्या फ्लॉपीवर मी पहिल्या चौकोनात लिहिलं, बंद. लाभार्थींच्या रकान्यात शून्य. गडचिरोलीला जाऊन पाठवलं आणि एस.टी.त परत येताना मला वाटलं, आता होऊ दे काय व्हायचं ते. छाती जरा रुंद झाल्यासारखी वाटली. ती रुंद छाती तीन आठवडे टिकली. मग पत्र आलं. आपला चालू महिन्याचा अहवाल मागील अहवालांशी विसंगत असल्याने स्वीकारता येत नाही, दुरुस्त करून ई-मेलने फेरसादर करावा. पाकिटात दुसराही कागद होता, रखडलेल्या बदलीबाबत, अंतिम मंजुरी या आठवड्यात अपेक्षित. दोन्ही कागद एकाच टाचणीने लावले होते. टाचणी लावणाऱ्याने ते मुद्दाम केलं की सहज, मला माहीत नाही. मी अहवाल दुरुस्त केला. लाभार्थी सात लिहिले. चौदापेक्षा कमी, एवढी काय ती माझी लाज.

बदली झाली. मी निघालो तो मोह गळायचा महिना होता. ट्रंक आणि वळकटी अंगणात आणून ठेवली आणि एस.टी.ची वाट बघत ट्रंकेवर बसलो. झाडाखाली तो माडिया नवरा आला होता, यंदा एकटाच फुलं वेचत होता. पोर बाजूला बसलेल्या त्याच्या बहिणीच्या पाठीला बांधलेलं, जिवंत होतं, चांगलं गुटगुटीत. जिथे फांदी नव्हती तिथून ऊन थेट खाली पडत होतं आणि तेवढ्या जागेत फुलं नव्हती. सिस्टर व्हरांड्यात बसून गॉजच्या घड्या घालत होती.

तो वेचत वेचत माझ्याजवळ आला. मी जातोय हे त्याला समजलं होतं. टोपलीतली ओंजळभर फुलं त्याने माझ्या ट्रंकेवर ठेवली, प्रवासाला. त्या दिवशी मी मोटरसायकलवरून धावलो होतो ना, ते त्याच्या लक्षात होतं. मग त्याने छपराकडे पाहिलं, छत्रीकडे नाही, तिच्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे.

"भाऊ," तो म्हणाला, "तो पयला फोन. काट्यावाला. तो कोनं नेला?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. व्हरांड्यात सिस्टरचे हात थांबले.

"सरकारनं," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. त्याला पटलं, ते कुणालाही पटलं असतं. तो पुन्हा झाडाखाली जाऊन बसला. सिस्टरने अर्धी घातलेली घडी तशीच ठेवली आणि आत निघून गेली. एस.टी. यायला अजून तासभर होता. तो तासभर मी तिथेच ट्रंकेवर, त्या फुलांशेजारी बसून होतो.